मुठीतले शिपाई

जत्रेत खेळण्यांच्या दुकानापुढे घटकाभर उभे राहा. दोरीला लटकवलेल्या पिशव्यांत एखादी पिशवी हिरव्या शिपायांची दिसेल. प्लास्टिकचे, बोटाएवढे शिपाई. कोणी बंदूक रोखून उभा आहे, कोणी पोटावर सरपटतो आहे, कोणी हातबॉम्ब फेकतो आहे. पोर हट्ट धरते. आपण थोडी घासाघीस करतो आणि पिशवी घेतो. दोन दिवसांत निम्मे शिपाई पलंगाखाली जातात. मग एखाद्या रात्री त्यातला एक अनवाणी पायाला टोचतो, तेव्हा त्याची आठवण होते. एरवी त्याचा विचार कोण करतो?

पण या शिपायालाही इतिहास आहे. त्याच्यावर मोठमोठे कारखाने उभे राहिले. हजारो बायामाणसांची पोटे भरली. आणि मग ते कारखाने एकामागून एक बसले. आज इंग्लंडात आणि अमेरिकेत साठी-सत्तरी उलटलेली माणसे हेच जुने शिपाई शोधत बाजार पालथे घालतात. हे कसे झाले, ते सांगतो.

आपल्याकडे दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात आणि त्यावर मावळे मांडतात. तसा युरोपातल्या मुलांचा खेळ होता धातूच्या शिपायांचा. जर्मनीतले न्यूरेंबर्ग हे शहर खेळण्यांसाठी नावाजलेले. तिथे आधी कथिलाचे चपटे शिपाई होत. समोरून पाहिले तर माणूस, बाजूने पाहिले तर नुसती रेघ! पुढे भरीव शिपाई होऊ लागले. ते दिसायला सुरेख, पण धातू फार लागे, म्हणून महाग. श्रीमंताघरच्या मुलांनाच ते मिळत.

इंग्लंडचे पुढे पंतप्रधान झालेले विन्स्टन चर्चिल हे असेच मोठ्या घरचे मूल. त्यांच्यापाशी जवळजवळ दीड हजार शिपाई होते. एके दिवशी वडील खोलीत आले. मुलाने मांडलेली फौज त्यांनी वीस मिनिटे निरखून पाहिली आणि विचारले, लष्करात जाशील का? मुलगा लगेच हो म्हणाला. वडिलांनी आपल्यातला सेनापती ओळखला, असे त्याला वाटले. पुढे कळले ते वेगळेच. हा पोरगा वकिलीला लागेल एवढा हुशार नाही, असे वडिलांचे मत झाले होते! चर्चिल यांनीच ही गोष्ट आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. मी इतकी वर्षे शाळेत काढली. मुलाचे पुढे काय होणार, हे ठरवण्यात बापमंडळी किती चुकतात, ते मी रोज पाहिले आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. लंडनमध्ये विल्यम ब्रिटन नावाच्या माणसाचे कुटुंब खेळणी करीत असे. (आडनाव आणि देशाचे नाव एकच. घोटाळा नको, म्हणून देशाला मी इंग्लंडच म्हणतो.) १८९३ साली या घरातल्या विल्यम नावाच्याच मुलाने एक युक्ती काढली. शिशाचा शिपाई पोकळ ओतायचा!

ही युक्ती समजायला तुपाचा डबा डोळ्यांपुढे आणा. थंडीत तूप थिजते, ते आधी कडेने. मध्ये बराच वेळ पातळच राहते. तसेच इथे. शिसे वितळवायचे, त्यात थोडे कथील आणि अँटिमनी नावाचा धातू मिसळायचा. हा रस साच्यात ओतायचा. साचा रसापेक्षा थंड असतो. म्हणून साच्याला लागलेला रस लगेच थिजतो, आतला पातळ राहतो. नेमक्या त्या क्षणी साचा उपडा करायचा. आतला रस बाहेर पडतो, आणि साच्यात उरते ती नुसती शिपायाची कातडी. बाहेरून अगदी पुरा शिपाई, आतून पोकळ. हाताला उशीर झाला तर शिपाई भरीव होतो, घाई झाली तर त्याचा हातच येत नाही. सगळा खेळ कारागिराच्या अंदाजाचा.

धातू कमी लागला, म्हणून किंमत उतरली. वजन कमी, म्हणून धाडण्याचा खर्चही कमी. जर्मन मालाला जबर टक्कर बसली. ब्रिटन्सचा शिपाई ५४ मिलिमीटर उंचीचा, म्हणजे करंगळीएवढा. हेच माप पुढे जगभर चालू झाले. आजही पुष्कळ शिपाई त्याच मापाचे असतात.

या पेट्यांत आपली माणसेही होती बरं का. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचे राज्य. त्यांच्या हिंदी पलटणी ब्रिटन्सने शिशात ओतल्या. त्यांत बॉम्बे लान्सर्सचे घोडेस्वार होते आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीचे पायदळही होते. डोक्याला फेटा, अंगात गणवेश, खाली नावाची पेटी. म्हणजे आपल्या मुलखाच्या नावाची पलटण लंडनच्या पोरांच्या गालिच्यावर लढत होती. ज्यांच्यावरून ती घडवली, त्यांच्या पोरांना मात्र ती परवडण्यासारखी नव्हती.

ओतकाम झाले की रंगकाम. ते बायकांचे. काही कारखान्यात बसून रंगवीत, काही घरी माल नेऊन रंगवीत. एका वेळी एकच रंग. शेकडो शिपायांच्या टोप्या, मग शेकडोंचे कोट, मग बूट, शेवटी डोळ्यांचे ठिपके. मजुरी नगावर. आपल्याकडे सिन्नरला, सोलापूरला बायका विड्या वळतात, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. जितके हात चालतील तितके पैसे. डोळे दुखले, पाठ धरली, तरी त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. आज जे जुने शिपाई मोठ्या किमतीला विकले जातात, त्यांची शोभा या बायकांच्या कुंचल्याची आहे. पण पेटीवर त्यांचे नाव कुठेच नाही.

हा खेळ फक्त पोरांचा राहिला नाही. एच. जी. वेल्स हे मोठे इंग्रज लेखक. त्यांनी मित्रांबरोबर जमिनीवर ही फौज मांडून लढाईचे नियम बसवले आणि १९१३ साली त्यावर पुस्तक काढले. त्यांच्या खेळात ब्रिटन्सची स्प्रिंगची तोफ असे. तिच्यातून लाकडी गोळी सुटे आणि शिपाई आडवे होत. पुस्तकाच्या शेवटी वेल्स यांनी सांगितले आहे की खरे युद्ध हा मूर्खपणा आहे, लढायचेच तर असे खेळण्यात लढा. पुढच्याच वर्षी, १९१४ साली, पहिले महायुद्ध पेटले.

ते चार वर्षे चालले. घरोघरचे मुलगे गेले. मग खेळण्यातल्या शिपायांचाही लोकांना वीट आला. तेव्हा ब्रिटन्सने काय केले? शेत काढले! गाई, डुकरे, कोंबड्या, कुंपण, झाड, शेतकरी आणि त्याची बायको. तेही शिशाचेच. हा माल चांगला खपला. मला यात दुकानदारीपेक्षा आयांचे मन जास्त दिसते. मुलगा गमावलेल्या घरात कोण बंदूकवाला शिपाई आणील?

आता शिशाविषयी एक गोष्ट नीट ऐका. शिसे हे विष आहे. पोटात गेले तर ते रक्तात मिसळते. लहान मुलाच्या मेंदूला त्याचा अपाय होतो. मूल चिडचिडे होते, शिकण्यात मागे पडते. आणि लहान मूल तर हातातली वस्तू आधी तोंडात घालते. शिवाय जुन्या रंगांतही शिसे असे. हा धोका लोकांच्या ध्यानात येऊ लागला आणि नियम कडक होऊ लागले. १९६६ साली ब्रिटन्सने शिशाचे शिपाई ओतणे थांबवले. आपल्या देशातही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय.एस.आय. शिक्का सक्तीचा झाला आहे. खेळणे घेताना तो शिक्का पाहा. रंगाचे पोपडे निघणारे खेळणे तान्ह्याच्या हाती देऊ नका.

शिशाची जागा प्लास्टिकने घेतली. अमेरिकेत १९३८ सालापासूनच प्लास्टिकचे शिपाई निघू लागले होते. पण खरा जोर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९३३ साली इंग्लंडातल्या रसायनाच्या एका कंपनीत पॉलिथीन सापडले होते. हेच ते पॉलिथीन, ज्याच्या पिशव्या आपण वापरतो. युद्धात ते रडारच्या तारांवर आवरण म्हणून लागत असे. युद्ध संपले, तशी त्याला नवी कामे मिळाली. शिपायाला ते फार सोयीचे. वाकवले तर वाकते, आपटले तर फुटत नाही.

प्लास्टिकचा शिपाई कसा होतो? पोलादाचा दोन पालांचा साचा असतो. कारखान्यात त्याला डाय म्हणतात. यंत्रात प्लास्टिकचे दाणे टाकतात. ते आत तापून चिकासारखे पातळ होतात. यंत्र तो चीक जोराने साच्यात दाबते. साचा पाण्याने थंड करतात, पाले उघडतात आणि एकदम कितीतरी शिपाई बाहेर पडतात. घरातला शिपाई उजेडात धरून पाहा. त्याच्या अंगावरून डोक्यापासून पायापर्यंत एक बारीक रेघ गेलेली दिसेल. ती दोन पालांच्या सांध्याची रेघ.

या धंद्याची मेख इथेच आहे. दाणे स्वस्त, पण डाय फार महाग. ती कोरायला कुशल कारागीर आणि पुष्कळ दिवस लागतात. पहिला शिपाई विकण्याआधीच मालकाचे भांडवल अडकते. लाखांनी माल खपला तर एकेका शिपायाला खर्च जवळजवळ काहीच नाही. खप कमी झाला की डाय गळ्यातला धोंडा होते. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचे आपोआप कळेल.

१९५० ते १९७० हा या शिपायांचा भरभराटीचा काळ. इंग्लंडात हेरल्ड नावाने उत्तम प्लास्टिकचे शिपाई निघत. ते इतके चांगले की ब्रिटन्सने ती कंपनीच आपल्यात घेतली. एअरफिक्स ही कंपनी १९३९ साली निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या माणसाने काढली. आधी ती हवा भरायची खेळणी करी, मग कंगवे. खोटं वाटेल, पण कंगव्यांच्या कारखान्यातूनच पुढे विमानांचे नमुने आणि शिपाई निघाले. एअरफिक्सने १९५९ पासून इंचभरही उंच नसलेले शिपाई काढले. एका लहानशा खोक्यात चाळीस-पन्नास! खाऊच्या पैशांतून मुलाला अख्खी पलटण घेता येऊ लागली. श्रीमंताघरचा खेळ गरिबाच्या घरी आला, तो या खोक्यातून. टिम्पो नावाच्या कंपनीची तऱ्हा आणखी वेगळी. पॉलिथीनवर रंग धरत नाही, पोपडे निघतात. म्हणून टिम्पोने रंगवणेच सोडले. अंगाचे प्लास्टिक एका रंगाचे, त्यावर कोटाचे दुसऱ्या रंगाचे, असे थरावर थर ओतले. रंग जाण्याचा प्रश्नच मिटला. पण त्याबरोबर रंगवणाऱ्या बायकांचे कामही मिटले, हेही सांगायला हवे.

अमेरिकेत या धंद्याचा राजा होता लुई मार्क्स. जन्म १८९६, ब्रुकलिनचा. १९१९ साली त्याने कंपनी काढली. १९५५ साली टाइम या मोठ्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र आले. मार्क्सची खासियत म्हणजे सबंध पेटी. तिच्यात छापील पत्र्याचा किल्ला, कुंपण, तंबू, घोडे, गाड्या आणि दोन्ही बाजूंची माणसे. त्यात ‘फोर्ट अपाचे’ ही पेटी फार गाजली. एका बाजूला गोरे घोडेस्वार, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचे मूळ रहिवासी. ती जमीन मुळात कोणाची, हे मात्र पेटीत कुठे लिहिलेले नसे. किल्ल्यातला तो आपला आणि बाहेरचा तो शत्रू, एवढेच मुलाला कळे.

मग हे सगळे बुडाले कसे? एका कारणाने नाही. अमेरिकेने व्हिएतनाममध्ये युद्ध केले आणि ते रोज घरच्या टेलिव्हिजनवर दिसू लागले. जळती गावे पाहिल्यावर पुष्कळ आईबापांना शिपाई नकोसे झाले. १९७३ साली खनिज तेल एकदम महागले. प्लास्टिक तेलापासून होते, तेही महागले. मजुरी इंग्लंडात जास्त, हाँगकाँगला कमी, म्हणून काम तिकडे गेले. तिकडच्या काही कारखान्यांनी आणखी एक केले. इंग्रजी शिपाई घेऊन त्यावरूनच नवा साचा काढला. अशी नक्कल मुळापेक्षा किंचित लहान येते आणि नाकडोळे पुसट होतात. आज स्वस्त पिशव्यांत मिळणारे पुष्कळ शिपाई अशा नकलांच्या नकला आहेत. म्हणून तर त्यांना चेहरा नसतो! त्यात १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ हा सिनेमा आला. मुलांना आकाशातल्या लढाईची बाहुली हवी झाली. जुन्या पलटणी दुकानात पडून राहू लागल्या, आणि महाग डाय कारखान्यात.

लुई मार्क्सने १९७२ साली कंपनी विकली, पाच कोटी डॉलरांहून जास्त किमतीला. घेणारी कोण, तर क्वेकर ओट्स, ओटचे पोहे विकणारी कंपनी! त्यांना तो धंदा काही जमला नाही. १९७६ साली त्यांनी तो एका इंग्रज कंपनीला विकला, आणि तोही बऱ्याच कमी किमतीला. ती कंपनी १९८० साली बुडाली. लुई मार्क्स १९८२ साली वारला. म्हणजे आपण उभे केलेले सगळे मोडलेले त्याला जिवंतपणी पाहावे लागले.

टिम्पोही १९७० नंतरच्या दहा वर्षांत बंद पडली. एअरफिक्सने १९७१ साली मेकॅनो कंपनी घेतली होती. नटबोल्टच्या पट्ट्यांचा तो मेकॅनो आपल्याकडेही माहीत आहे. त्याचा लिव्हरपूलचा कारखाना तोट्यात गेला. १९७९ च्या नोव्हेंबरात तो एकाएकी बंद केला. कामगारांना पुरेशी सूचनासुद्धा दिली नाही. शेकडो माणसे एका दिवसात रस्त्यावर आली. त्यांनी कारखान्यातच ठाण मांडले आणि काही महिने कारखाना सोडला नाही.  तो तोटा एअरफिक्सला भोवला. १९८१ च्या जानेवारीत तिचेही दिवाळे वाजले. तिचे नाव आणि साचे या हातातून त्या हातात गेले. २००६ पासून ते हॉर्नबी या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या कंपनीकडे आहेत. ब्रिटन्स त्यांच्या घराण्याच्या हातून १९८४ साली गेली. नाव अजून चालते, पण घराणे नाही.

त्या काळी जी मुले जमिनीवर पलटणी मांडत होती, ती आज आजोबा झाली आहेत. त्यांच्या हाती आता पैसा आहे आणि वेळ आहे. ते जुने शिपाई शोधतात. इंग्लंडात १९८५ सालापासून ‘प्लास्टिक वॉरियर’ नावाचे नियतकालिक फक्त याच विषयाला वाहिलेले आहे. जुना शिपाई पेटीसकट मिळाला तर किंमत विचारू नका. एका शिपायाची तुटलेली बंदूक बसवण्यासाठी ही माणसे दिवसच्या दिवस घालवतात. हसू नका. आपल्या आईने वापरलेला पाटा-वरवंटा आपण तरी कुठे टाकवतो?

पण एक अडचण आहे. प्लास्टिकही म्हातारे होते. उन्हातली प्लास्टिकची बादली काही वर्षांनी कशी तडकते, तसेच. काही जुने शिपाई हातात घेताच बिस्किटासारखे तुटतात. आधी बंदूक जाते, मग पायाचा घोटा. शिशाचा शिपाई विषारी खरा, पण शंभर वर्षे टिकला. म्हणून जाणती माणसे प्लास्टिकचे शिपाई उन्हापासून लांब, गार जागी, अंधारात ठेवतात. ज्या वस्तूचा जन्म अंगणात लोळण्यासाठी, तिला आता कपाटात बंद राहावे लागते.

पोलादाचे साचे मात्र टिकाऊ. कंपन्या बुडाल्या, तरी काही साचे भंगारातून वाचले. अमेरिकेत काही लहान कारखानदार तेच जुने साचे घेऊन पुन्हा शिपाई काढतात. १९९५ साली ‘टॉय स्टोरी’ हा सिनेमा आला. त्यात हिरवे शिपाई होते, त्यामुळे नव्या पोरांनाही ते ठाऊक झाले. २०१४ साली अमेरिकेच्या खेळण्यांच्या राष्ट्रीय संग्रहालयाने त्यांना मानाच्या यादीत घेतले.

आणि आणखी एक झाले. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या सहा वर्षांच्या मुलीने शिपाई करणाऱ्यांना पत्र लिहिले. शिपायांत बायका का नाहीत, एवढाच तिचा प्रश्न. खऱ्या फौजेत तर बायका आहेत! २०१९ साली ही बातमी सगळीकडे झाली. पेनसिल्व्हेनियातल्या बीएमसी टॉइज या छोट्या कंपनीने तो प्रश्न मनावर घेतला. पण डाय कोरायची म्हणजे पैसा हवा. तेव्हा लोकांनी आगाऊ पैसे भरून मागणी नोंदवली.  त्या पैशांतून नवा साचा कोरला गेला. २०२० साली पहिल्या पिशव्या निघाल्या. त्यात दुर्बीण लावलेली, बंदूक रोखलेली, जमिनीवर सरपटणारी अशा सगळ्या बायका शिपाई होत्या, आणि रंग तोच जुना हिरवा.